वाचकांचे प्रश्न : ग्लायफोसेट बागेत, डाळीत आणि सोसायटीच्या आवारात

गेल्या अंकात कोकणातल्या बागांच्या पावसाळी निगेविषयी उत्तर देताना ‘तणनाशक शक्यतो टाळावे’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो. त्या एका वाक्यावर बाकीच्या मजकुरापेक्षा अधिक पत्रे आली, आणि त्यांतली बहुतेक गावी जमीन असलेल्या मुंबईकरांची होती. त्यामुळे हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित हापूसची ऐंशी कलमे आहेत. मी तीस वर्षे परळला राहतो आणि दरवर्षी गणपतीनंतर बेणणीसाठी, म्हणजे बागेतले गवत काढण्यासाठी, पैसे पाठवतो. यंदा चुलतभाऊ म्हणतो की माणसे मिळत नाहीत, त्यापेक्षा ‘राउंडअप’ मारू, दोन दिवसांत रान साफ होईल. कलमांना आणि विहिरीला यापासून धोका आहे काय? – एक वाचक, परळ

उत्तर : राउंडअप हे एका उत्पादनाचे व्यापारी नाव असून त्यातील द्रव्याचे नाव ग्लायफोसेट आहे. ते १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधील एका औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने प्रथम तयार केले, परंतु औषध म्हणून त्याचा काहीच उपयोग न दिसल्याने ते बाजूला पडले. पुढे १९७० मध्ये मॉन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीतील जॉन फ्रान्झ यांना त्याचा तणे मारण्याचा गुण आढळला आणि १९७४ मध्ये ते बाजारात आले. अमेरिकेतील त्याचे पेटंट २००० साली संपल्यानंतर अनेक कंपन्या ते आपापल्या नावांनी विकू लागल्या, तरी डबा कोणाचाही असला तरी गावाकडे त्याला राउंडअपच म्हणतात.

आपल्या प्रश्नाचे उत्तर ते काम कसे करते यात आहे. वनस्पती फेनिलअॅलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्ले स्वतःच तयार करतात, आणि त्या साखळीतील एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, ग्लायफोसेट अडवून धरते. माणसाच्या किंवा गुराढोरांच्या शरीरात ही साखळी नसते; ही आम्ले आपल्याला मुख्यतः अन्नातून मिळतात. हे द्रव्य हिरव्या पानांतून शोषले जाते आणि पानात तयार झालेल्या अन्नरसाबरोबर खाली मुळांपर्यंत उतरते. खुरप्याने वरून कापलेली हराळी पंधरा दिवसांत पुन्हा डोके काढते, पण ग्लायफोसेट तिच्या जमिनीखालच्या खोडापर्यंत पोहोचते, आणि शेतकऱ्याला त्याचे अप्रूप वाटते ते याचसाठी. मात्र ते सावकाश काम करते. गवत पिवळे पडायला आठवडा आणि पुरते वाळायला दोन आठवडे सहज लागतात. फवारणीनंतर पाचसहा तासांत पाऊस आला तर बरेचसे औषध धुऊन जाते, आणि गढूळ पाण्यात कालवले तर मातीचे कणच त्याला धरून ठेवतात.

त्याला आपले आणि परके मात्र कळत नाही. जुन्या कलमाच्या जाड, करड्या सालीतून ते फारसे आत जात नाही, परंतु दोनतीन वर्षांच्या कलमाची हिरवी साल, जमिनीलगत टेकलेल्या फांद्या किंवा बुंध्यातून फुटलेला नवा फुटवा यांवर त्याचे तुषार पडले, तर ते झाडाच्या आत शिरते आणि पुढची पालवी अरुंद, गुच्छासारखी येते. आपल्या ऐंशी कलमांत नवी लागवड असेल, तर तिच्या आसपास पंप नेऊच नये.

विहिरीविषयीची आपली काळजी रास्त आहे, परंतु धोक्याची वाट आपण समजता त्याहून वेगळी आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे भरपूर असतात आणि ग्लायफोसेट त्यांना घट्ट चिकटते, म्हणून पाण्याबरोबर झिरपत ते खोल जाण्याचे प्रमाण कमी असते. पण ज्या मातीला ते चिकटले आहे ती मातीच उतारावरून वाहून गेली तर काय? तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात उतारावरची माती गवताच्या मुळांनी धरलेली असते. ते गवत मुळासकट मारले की पुढच्या मृगात माती आणि तिच्यासोबत औषध, दोन्ही वहाळात येतात. शिवाय औषध पानाला चिकटावे म्हणून डब्यात जो साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो, तो मासे आणि बेडूक यांना मूळ औषधापेक्षाही अधिक बाधतो. पंप विहिरीच्या काठावर किंवा वहाळात धुण्याची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. ती आपल्या बागेत तरी चालू देऊ नका.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. कीटकनाशके कायदा १९६८ नुसार कोणतेही पीकसंरक्षक औषध त्याच्या लेबलावर नोंदलेल्या पिकासाठीच वापरता येते, आणि भारतात ग्लायफोसेटला मंजुरी मिळाली ती चहाचे मळे आणि बिगरपिकाची जागा यांसाठी. त्यात आंबा नाही. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्रीय कृषी मंत्रालयाने आदेश काढून त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फत व्हावा असे म्हटले, आणि उत्पादकांनी त्याला उघड विरोध केला. कागदावर एवढे असताना प्रत्यक्षात हे औषध कपाशीपासून संत्र्याच्या बागेपर्यंत सर्वत्र मारले जाते, हे आपल्या चुलतभावाला ठाऊक असणारच, आणि म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

माझे मत विचाराल, तर पैसे ग्रासकटरसाठी पाठवा. कापलेले गवत कलमांच्या आळ्यात पसरा, पण बुंध्याला टेकवू नका. फवारून उभेच वाळलेले गवत बागेत राहिले तर माघ-फाल्गुनातल्या वणव्याला ते आयते जळण होते, आणि एका वणव्यात जाणाऱ्या कलमांची किंमत दहा वर्षांच्या बेणणीहून अधिक भरेल.

प्रश्न : मसूर डाळीत ग्लायफोसेट असते आणि त्याने कर्करोग होतो, असा संदेश आमच्या महिला मंडळाच्या गटावर फिरतो आहे. डाळ धुतल्याने ते जाते का? मसूर खाणे थांबवावे का? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : संदेशाचा पहिला अर्धा भाग सत्याला धरून आहे. कॅनडासारख्या थंड देशांत मसुराचे पीक एकसारखे वाळत नाही, म्हणून काढणीपूर्वी काही शेतकरी त्यावर ग्लायफोसेट फवारतात. हे औषध झाडाच्या आत हिंडणारे असल्याने त्याचा अंश दाण्यात उतरू शकतो, आणि त्यामुळे धुण्याने तो पूर्णपणे जात नाही. आपण कॅनडातून मसूर मोठ्या प्रमाणावर आणतो. २०१८ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आयात डाळींतील हा अंश तपासण्याचे आदेश दिले आणि तुलनेसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकातील मर्यादा धरल्या.

कर्करोगाचा भाग जरा सावकाश समजून घ्यावा लागतो. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ या ‘२ अ’ गटात घातले. ११ देशांतील १७ तज्ज्ञांनी हा निर्णय दिला. माणसांतील पुरावा मर्यादित, प्राण्यांतील पुरेसा, असे त्यांचे म्हणणे होते, आणि माणसांतील संशय मुख्यतः नॉन-हॉजकिन लिम्फोमा या रक्तघटकांच्या कर्करोगाविषयी होता. त्याच वर्षी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त बैठकीने आहारातून असा धोका संभवत नाही असे सांगितले. एकाच छत्राखालच्या दोन समित्यांनी वेगळे का बोलावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. पहिल्या समितीने विचारले, या पदार्थात कर्करोग करण्याची क्षमता कोणत्याही परिस्थितीत आहे का. दुसरीने विचारले, ताटातून जेवढे पोटात जाते तेवढ्याने तो होईल का. त्याच ‘२ अ’ गटात लाल मांस आहे आणि ६५ अंशांहून अधिक गरम पेयही आहे, म्हणजे टपरीवरचा चहा न फुंकता घोटणारे आपण सगळे त्या यादीत आधीपासूनच आहोत.

उत्पादक कंपनीचे म्हणणे डोळे मिटून मानावे, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतील खटल्यांमध्ये कंपनीचे अंतर्गत ईमेल उघड झाले, तेव्हा स्वतंत्र म्हणून छापलेल्या काही शास्त्रीय लेखांच्या मजकुरात कंपनीच्या माणसांचा हात असल्याचे दिसून आले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने शाळेच्या मैदानांवर हे औषध फवारणाऱ्या एका आजारी कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२० मध्ये मॉन्सॅन्टोची नवी मालक बायर हिने हजारो दावे मिटवण्यासाठी सुमारे १० अब्ज डॉलर बाजूला काढले. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील ५४ हजारांहून अधिक फवारणी करणाऱ्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या, सरकारी संस्थांनी चालवलेल्या अभ्यासात ग्लायफोसेट आणि लिम्फोमा यांचा स्पष्ट संबंध दिसला नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याची मंजुरी आणखी १० वर्षांनी वाढवली.

हे सगळे फवारणाऱ्यांविषयीचे वाद आहेत, हे आपल्या मंडळाला जरूर सांगा. ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या अंगावर जेवढे पडते, त्याच्या तुलनेत आपल्या आमटीतला अंश अत्यल्प असतो. मसूर खुशाल खा. मन मानत नसेल तर देशी तूर आणि मूग आहेतच.

प्रश्न : माझी आई खटाव तालुक्यात लोकांच्या रानात भांगलायला जाऊन आम्हाला शिकवत होती. आता गावी गेलो की बांधाबांधावर तणनाशकाचे रिकामे डबे दिसतात आणि बायका घरी बसलेल्या दिसतात. हे औषध त्यांच्या पोटावर आले आहे, असे आपणास वाटत नाही का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : वाटते, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. ‘तण खाई धन’ ही म्हण खोटी नाही. खरिपाच्या पिकाला पहिला महिना-दीड महिना तणापासून मोकळा मिळाला नाही, तर नंतर कितीही भांगलण केली तरी उतारा घटतो. नेमक्या त्याच दिवसांत झडीचा पाऊस लागतो, वाफसा नसतो, कोळपे किंवा विदर्भातला डवरा चालत नाही, आणि सगळ्या गावाला एकाच आठवड्यात निंदायला माणसे हवी असतात. ती मिळत नाहीत, कारण गावातली तरणी पोरे शहरात आली आहेत. आपण लालबागला आलात, मी दादरला आलो. आपल्या मागे राहिलेल्या शेतकऱ्याने डबा आणला, त्याचे एक कारण आपणही आहोत.

तरीही आईंच्या बाजूने एक हिशोब कोणी मांडत नाही, तो येथे मांडतो. भांगलायला गेलेली बाई रोजगाराबरोबर गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरी येत असे आणि त्यावर दारातली शेळी किंवा म्हैस जगत असे. तणातली कोवळी घोळ, माठ, तांदुळजा ही संध्याकाळची भाजी असे. फवारलेल्या रानातून यांतले काहीच घरी येत नाही. तणनाशकाने वाचवलेल्या मजुरीचा आकडा कृषी विभागाच्या पत्रकात असतो, या भाऱ्याचा नसतो.

मुंबईपासून दोन तासांवर, कर्जत तालुक्यातील नेरळजवळ, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र म्हणून भाताची जी पद्धत रुजवली, तिचे उदाहरण या ठिकाणी विचार करायला लावते. त्यात कायमचे गादीवाफे असतात, नांगरट, चिखलणी आणि लावणी हे तिन्ही वगळलेले असते, आणि कापणीनंतर भाताची मुळे जमिनीतच ठेवून वर फुटणारा खोडवा व तणे ग्लायफोसेटने मारली जातात. मुळे जागेवर कुजल्याने जमीन भुसभुशीत होते, गांडुळे वाढतात, आणि गुडघाभर चिखलात वाकून लावणी करण्याचे बायकांचे कष्ट वाचतात, असा तिथल्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे. रसायनाला सरसकट नाव ठेवणाऱ्यांनी ते वाफे एकदा पाहून यावे. पण ती पद्धतही एका औषधाच्या आधारावर उभी आहे, आणि उद्या ते औषध बंद झाले तर पर्याय काय, हा प्रश्न तिच्या चाहत्यांनीही स्वतःला विचारावा.

रिकाम्या डब्यांविषयी आपण लिहिलेत ते सर्वांत चिंतेचे आहे. ते तीनदा विसळून, ते पाणी पंपातच ओतून, भोक पाडून निकामी केले पाहिजेत. प्रत्यक्षात त्यांत पाणी भरले जाते. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतून फडताळात ठेवले जाते, आणि मग घरातल्या पोराच्या हाती लागते. या विषावर कोणताही उतारा नाही. रुग्णाला ओकारी काढायला न लावता, डब्यावरचे लेबल सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते मुख्यतः कपाशीवरच्या कीटकनाशकांमुळे झाले, तणनाशकामुळे नाही, परंतु गळका पंप, उघडे अंग आणि वाऱ्याकडे तोंड, ही तऱ्हा दोन्हीकडे एकच आहे. एक लहानशी गोष्टही सांगून ठेवतो, कारण ती गावोगाव घडते. ग्लायफोसेट जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत कालवू नये, कारण त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. बादली प्लास्टिकची असावी.

प्रश्न : ग्लायफोसेट सगळ्याच झाडांना मारते, तर विदर्भात ते कपाशीवरून कसे फवारतात? – एक विद्यार्थी, कालिना

उत्तर : वनस्पतींमधले जे विकर ग्लायफोसेट अडवते, तेच विकर मातीतील अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या एका प्रकारात थोड्या वेगळ्या घडणीचे असते आणि ग्लायफोसेट त्याला अडवू शकत नाही. त्याचे जनुक पिकात घातले की पीक जगते आणि भोवतालचे तण मरते. अमेरिकेत १९९६ पासून असे सोयाबीन आणि त्यानंतर कापूस व मका आले. भारतात २००२ मध्ये मंजूर झालेला बीटी कापूस बोंडअळीला रोखण्यासाठी होता. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मंजुरी मिळालेलीच नाही, आणि महिको या बियाणे कंपनीने त्यासाठीचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला. तरीही ते बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून पाकिटांतून सर्रास विकले जाते. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. परंतु चोरीच्या पाकिटावर ना कंपनीचे नाव असते ना उगवणीची हमी, आणि फसलेल्या शेतकऱ्याला दाद मागायला जागा उरत नाही.

शास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आणखी एक आहे. एकच औषध दरवर्षी मारले की जी रोपे त्यातून तगतात त्यांचेच बी पसरते. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच ग्लायफोसेटला न जुमानणारे रायगवत सापडले, आणि अमेरिकेच्या कापूसपट्ट्यात आज आपल्या माठाच्याच कुळातले एक तण शेतकऱ्यांना हैराण करते आहे. आपल्याकडे केना हे तण मुळातच या औषधाला फारशी दाद देत नाही. बाकीचे गवत हटले की मोकळ्या जागेत तेच माजते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉकच्या फटींतले गवत मारायला कंत्राटदाराने पूर्वसूचना न देता औषध फवारले. मुले आणि कुत्री तिथेच खेळतात. – सोसायटीच्या एक पदाधिकारी, चेंबूर

उत्तर : फवारणी वाळेपर्यंत, म्हणजे किमान त्या दिवशी, मुलांना आणि प्राण्यांना तिथे जाऊ द्यायला नको होते, एवढे खरे. आता काही दिवस उलटले असतील तर काळजीचे कारण नाही. पुढच्या वेळी कंत्राटदाराकडे परवाना आणि औषधाच्या लेबलाची प्रत मागा आणि आदल्या दिवशी फलकावर सूचना लावा. खरे तर पेव्हरच्या फटींसाठी उकळते पाणी आणि एक जुनी खुरपी पुरते. मीठ-व्हिनेगरचा घरगुती उपाय मात्र करू नका, कारण मिठाने कुंपणालगतची माती नासते आणि शेजारची जास्वंदही जाते.

आपण ‘हे व्हिएतनाममध्ये वापरलेले विष आहे का’ असेही विचारले आहे. नाही. तिथे फवारलेल्या एजंट ऑरेंजमध्ये २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन निराळी तणनाशके होती. त्यांपैकी २,४-डी आपल्याकडे आजही गव्हात आणि उसात वापरले जाते.

प्रश्न : पावसाळ्यात दादरच्या बाजारात येणारा टाकळा, कुर्डू आणि फोडशी आम्ही हौसेने घेतो. त्यावर हे औषध असण्याची शक्यता आहे का? – एक वाचक, माहीम

उत्तर : डोंगरउतारावरून आणि जंगलाच्या कडेने खुडलेल्या भाजीवर ते असण्याचे कारण नाही. पण हीच झाडे बागांत, शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेलाही उगवतात, आणि तिथे ती तण म्हणून फवारली जातात. फवारलेला टाकळा पाचसहा दिवस हिरवागारच दिसतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून काही कळणार नाही. पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाच विचारा की मावशी, ही कुठली. बहुतेक जणी गावाचे आणि रानाचे नाव लगेच सांगतात. जी पाने टोकाकडून फिकट पिवळी पडू लागली आहेत किंवा ज्यांचा शेंडा मलूल झाला आहे, अशी जुडी घेऊ नका.